शेड आतून फिनिश केली, तरी ओल जात नाही: पाणी कुठलं ते कसं ओळखायचं

परसातली पत्र्याची शेड इन्सुलेशन आणि बोर्ड लावून बारमाही खोली म्हणून वापरायला घेतली की पहिल्या वर्षातच एक तक्रार बहुधा येते: छत टिपकतं, भिंतीला डाग पडतात, कुबट वास जात नाही. मग पत्र्यावर सीलंटच्या नळ्या रिकाम्या होतात, आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात बसतात आणि पुढच्या मोसमात डाग त्याच जागी हजर असतो. पाणी कुठून येतंय हे न ठरवताच ते अडवायला घेतलं की असंच होतं.

अशा खोलीत पाणी चार वाटांनी येतं. वरून पावसाचं, खालून जमिनीचं, बाजूने शिंतोड्यांचं आणि आतल्या हवेतल्या वाफेचं. शेवटच्या वाटेवर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. पण शेड नुसती सामान ठेवायला होती तोवर कोरडी होती आणि माणसांचा वावर सुरू झाल्यावर ओली झाली असेल, तर पहिला संशय तिच्यावरच घ्यावा.

लक्षणं

डाग पुसण्याआधी, रंग मारण्याआधी त्याची कड पेन्सिलने आखा आणि शेजारी तारीख लिहा. डाग वाढतोय की जुनाच आहे, हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही. मग खालीलपैकी काय जुळतं ते पाहा.

- आकाश निरभ्र, पाऊस नाही, तरी पहाटे छतातून थेंब पडतात आणि ऊन चढलं की थांबतात. ही वाफ.
- पाऊस सुरू झाल्यावर काही मिनिटांनी ते काही तासांनी एकाच ठिकाणी टिपकतं, डागाला तपकिरी कड येते. ही गळती.
- भिंतीच्या तळाचे एक-दोन वीतभर बोर्ड मऊ पडतात, स्कर्टिंग सुटतं, रंगाचे पोपडे निघतात किंवा पांढरा लोणा फुटतो. पाणी जमिनीतून चढतंय किंवा बाहेरून शिंतोडे लागतायत.
- छतावर ठरावीक अंतराने समांतर काळपट पट्टे उमटतात. बोर्डामागच्या लोखंडी पर्लिन (पत्रा पेलणारी आडवी पट्टी) किंवा स्टडच्या (भिंतीतली उभी पट्टी) रेषेत जागा थंड पडते आणि तिथे ओल व धूळ धरते.
- कपाटामागे, गादीमागे, कोपऱ्यात काळी बुरशी येते; उरलेली भिंत स्वच्छ असते. हवा खेळत नाही आणि भिंतीचा तो भाग थंड आहे.
- दमट दिवसांत एसी चालू असतानाच भिंत किंवा छत घामेजतं.
- ओल्या दिवशी आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, ट्रिप होतो. इथे पुढचं वाचणं थांबवा, शेडचा मेन बंद करा आणि आधी वीजतंत्रज्ञाला बोलवा. वायरिंगमध्ये पाणी असताना बाकी तपासण्या करायच्या नसतात.

दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचंच आहे. वरून गळणारी शेड आतून घामेजूही शकते. म्हणूनच तपासण्या क्रमाने करायच्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एकाच रविवारी पन्हळ साफ केली, स्क्रू बदलले आणि पंखाही लावला, तर ओल गेली तरी कशामुळे गेली हे कळत नाही.

१. आठवडाभराची नोंद

खर्च काहीच नाही, आणि तरी बहुतेक जण हीच पायरी गाळतात. रोज तीन वेळा, म्हणजे पहाटे, दुपारी आणि झोपण्याआधी, चार गोष्टी लिहा: ओलं आहे का, कुठे, बाहेर पाऊस की निरभ्र, खोलीत त्या दिवशी कोण किती वेळ होतं. महत्त्व वेळेला आहे. पत्रा रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. ढगाळ रात्री हे कमी घडतं. त्यामुळे निरभ्र रात्रीनंतर ओल आणि ढगाळ रात्रीनंतर कोरडं, असा नमुना दिसला तर छपराला हात लावायचं कारण नाही. पावसाशी वेळ जुळत असेल तर तपासणी २ आणि ३ चटकन उरकून ४ कडे जा.

२. आत पाणी कोण सोडतंय?

१० चौरस मीटरची, अडीच मीटर उंचीची खोली घ्या. तिच्यात २५ घनमीटर हवा मावते. २० अंश सेल्सियसला १ घनमीटर हवा जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम वाफ धरू शकते. सापेक्ष आर्द्रता ६०% असेल तर १०.४ ग्रॅम आधीच भरलेले असतात. म्हणजे सगळ्या खोलीत मिळून जेमतेम १७० ग्रॅम वाफेची जागा उरते. माणूस नुसता बसून तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम वाफ सोडतो. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर एकटा माणूस चार तासांत ती हवा भरून टाकतो.

आता बिनधुराड्याचा गॅस हीटर बघा. १ किलो प्रोपेन जळालं की १.६ किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, ब्युटेनचंही जवळपास तेवढंच. त्या खोलीतल्या हवेला जन्मात न पेलणारं हे पाणी आहे, आणि ते थंड पत्र्यावरच जाऊन बसतं. थंडीत ऊब हवी म्हणून असा हीटर लावला आणि ओल वाढली, तर दोष हीटरचाच. शिवाय बंद खोलीत तो कार्बन मोनॉक्साइडही सोडू शकतो. तो आजच बाहेर काढा आणि विजेचा हीटर वापरा.

आत वाळत घातलेले कपडे, पाण्याचं उघडं पिंप, कुंड्या, ओलं सरपण हे सगळं आठवडाभर हलवून पाहा. कपाट भिंतीपासून ५ ते ८ सेंटीमीटर पुढे ओढा. नोंदवहीतला पहाटेचा ओलावा निम्म्यावर आला तर रोग सापडला म्हणायचा.

३. हायग्रोमीटर, पण मिठाची परीक्षा देऊन

आर्द्रता मोजणारा साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, मात्र नवा कोरा मीटरही काही टक्क्यांनी चुकीचा असू शकतो. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, ओल्या वाळूइतकं दाट होईल एवढंच पाणी घाला, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर हवाबंद डब्यात ठेवून डबा १० ते १२ तास एका जागी ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावर हवेची आर्द्रता ७५% ला स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

मग दवबिंदू काढा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते ते. २० अंशांना ५०% आर्द्रता असेल तर दवबिंदू ९ अंशांच्या आसपास, ६०% ला १२, ७०% ला १४ च्या थोडा वर. २५ अंश आणि ६०% असेल तर साडेसोळा-सतरा, २८ अंश आणि ७५% असेल तर २३. याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरतं. भिंतीचं, छताचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या, पण चकचकीत पत्र्यावर किंवा फॉइलवर तो खोटं सांगतो. तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा.

राहत्या खोलीतली आर्द्रता ६०% च्या खाली ठेवायची. पृष्ठभागालगतची आर्द्रता दिवसेंदिवस ८०% च्या वर राहिली की प्रत्यक्ष थेंब न दिसताही बुरशी उगवते. कपाटामागची बुरशी बहुधा हीच असते, म्हणून “तिथे पाणी तर कधी दिसलं नाही” हा युक्तिवाद टिकत नाही.

खिडक्या उघडण्याबद्दल एक सावधगिरी. बाहेरच्या हवेचा दवबिंदू आतल्या फरशीच्या तापमानापेक्षा जास्त असेल, तर खिडकी उघडून तुम्ही पाणी आत बोलावताय. थंडी सरून एकदम उबदार दमट हवा आली की कोबा ओला दिसतो तो यामुळेच. अशा दिवशी बंद खोली आणि डीह्युमिडिफायर बरा. कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर साधारण १५ अंशांखाली नीट काम करत नाही. थंड खोलीला शोषक चक्राचा, म्हणजे डेसिकंट जातीचा घ्यावा.

४. बाहेरून एक फेरी, शक्यतो पावसात

छत्री घेऊन शेडभोवती फिरा. पन्हळ भरून वाहतेय का? पागोळ्या कुठे पडतात? त्या जोत्याच्या कडेलाच पडत असतील तर शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला लागतात, आणि आतून दिसणारा तळाचा डाग बाहेरच्या चिखलाच्या रेषेशी तंतोतंत जुळतो. उंची मोजून बघा.

भोवतालची जमीन शेडपासून दूर उतरती हवी. ३ मीटरमध्ये १५ सेंटीमीटर उतार असला की पुरे. भिंतीच्या पत्र्याची किंवा फळीची खालची कड मातीपासून किमान १५ सेंटीमीटर वर हवी. शेड बांधताना ती असते. नंतर वाफे केले, पेव्हर बसवले, वाळूचा ढीग टेकवला की ती गडप होते. फावडं घेऊन ही माती मागे ओढायला अर्धा दिवस लागतो आणि तळाच्या ओलीच्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पागोळ्यांच्या रेषेत ३० सेंटीमीटर रुंद खडीचा पट्टा टाकला की शिंतोडेही बसतात.

पत्रा जिथे ओल्या सिमेंटच्या मसाल्याला टेकलाय तिथे नीट पाहा. ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा सिमेंटच्या अल्कलीने खाल्ला जातो. एसीच्या तांब्याच्या पाइपवरून ओघळलेलं पाणी अशा पत्र्यावर पडत असेल तर तिथेही लवकरच भोकं पडतात. हे दोन्ही डाग गंजासारखेच दिसतात आणि वर रंग मारून थांबत नाहीत.

५. जमीन: प्लास्टिकचा तुकडा

४५ सेंटीमीटर चौरस, पारदर्शक प्लास्टिक कोऱ्या कोब्यावर ठेवा आणि चारही कडा टेपने पूर्ण बंद करा. किमान १६ तास, शक्यतो दिवसभर राहू द्या. उन्हाच्या किंवा हीटरच्या झोतात ठेवू नका. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी जमलं किंवा कोबा गडद झाला, तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला पाणी असेल तर ती खोलीतली वाफ आहे, जमीन निर्दोष. दोन-तीन ठिकाणी करून पाहा, एक तुकडा भिंतीलगत हवाच.

कोबा नवा असेल तर घाई नको. काँक्रीट वाळायला ढोबळमानाने दर २५ मिलिमीटरला एक महिना लागतो. १०० मिलिमीटरच्या कोब्याला चार महिने. त्याआधी व्हिनाइल किंवा लॅमिनेट अंथरलं तर खालून गोंद सुटतो.

जुन्या कोब्याखाली प्लास्टिकचा थरच नसेल तर वरून एपॉक्सीचा ओलरोधक थर देता येतो, पण पाया घासून, धूळ पूर्ण काढून. नुसता धुऊन पुसलेल्या कोब्यावर एपॉक्सी पापुद्र्यासारखी उठते. पाणी फटीतून सरळ वर झिरपत असेल, म्हणजे भूजलाचा दाब असेल, तर रंगाचं काम नाही. बाहेर चर खोदून निचरा करावा लागेल, आणि तो कुठे, किती खोल, हे जाणकारानेच ठरवलेलं बरं.

६. छत: पाइपने पाणी मारून

गळती भोकाखालीच टिपकेल असं समजू नका. पाणी पत्र्याच्या पोटाने, पर्लिनच्या कडेने दोन-तीन मीटर सरकतं आणि जिथे बोर्डाचा सांधा मिळेल तिथे उतरतं. म्हणून आतल्या डागावर काटकोनात वर जाऊन सीलंट फासणं हा सगळ्यात मोठा वेळखाऊपणा.

कोरड्या दिवशी शेडचा मेन बंद करा. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने बागेच्या साध्या पाइपने पाणी सोडावं. प्रेशरची बंदूक नको, ती चांगल्या सांध्यातूनही पाणी घुसवते. सुरुवात सगळ्यात खालून करा: आधी भिंत आणि खिडकीची चौकट, मग वळचण, मग लॅप (एक पत्रा दुसऱ्यावर चढतो तो सांधा), शेवटी कणा (छपराचा सगळ्यात वरचा सांधा). प्रत्येक पट्ट्याला १० ते १५ मिनिटं द्या. वरून सुरुवात केली तर पाणी खाली वाहत सगळं भिजवतं आणि काहीच कळत नाही.

वर चढायचंच असेल तर पाय स्क्रूच्या रेषेवर, म्हणजे खाली पर्लिन असेल तिथेच. पारदर्शक फायबर पत्र्यावर आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर पाय कधीच नाही. ते न सांगता फुटतात. शिडी पन्हळीला टेकवू नका.

वर गेल्यावर स्क्रूपासून सुरू करा. योग्य आवळलेल्या स्क्रूचा रबरी वॉशर धातूच्या टोपीच्या कडेपर्यंत किंचित फुगलेला दिसतो. फार आवळलेला चिपडून बाहेर येतो आणि उन्हात फाटतो. सैल असलेला बोटाने फिरतो. तिरका बसलेला एका बाजूने उघडा राहतो आणि दिसायला अगदी बरा दिसतो, त्यामुळे प्रत्येक स्क्रूकडे आडव्या नजरेने बघा. खराब स्क्रू काढून त्याच भोकात तोच परत बसवू नका. ५.५ मिलिमीटरचा असेल तर ६.३ चा, नव्या ईपीडीएम रबराच्या वॉशरसह लावा. तो जुन्या सैल भोकात नवी पकड घेतो.

लॅप नंतर. वरचा पत्रा खालच्यावर किमान १५० मिलिमीटर चढलेला हवा, कमी उताराला त्याहून जास्त. उतार १० अंशांहून कमी असेल तर सांध्यात ब्युटाइलची (चिकट रबरी) टेप नसताना पाणी वाऱ्याने आणि केशाकर्षणाने उलट चढतं. टेप लॅपच्या आत बसवायची. बाहेरच्या कडेवर सीलंटची रेघ ओढली तर आत शिरलेलं पाणी तिथेच अडकून पत्रा कुजतो.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल जातीचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या मुलाम्याला खातं. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, आधी खरवडून काढावं लागतं. छपरावर आधीच्या कुणी फासलेले तीन थर सापडले तर ते काढण्याचीच तयारी ठेवा, चौथा थर चढवू नका.

७. एसी

दमट ऋतूत ओल आणि एसी चालू असताना ओल, असा मेळ असेल तर तीन गोष्टी पाहा. तांब्याच्या पाइपवरचं फोम वेष्टन भिंतीच्या भोकातही सलग आहे का? ते बहुधा तिथेच कापलेलं असतं आणि पाइप भिंतीच्या पोटात घामेजत राहतो. पाण्याच्या नळीला सलग उतार आहे का? लिटरभर पाणी ट्रेमध्ये ओतून बाहेर किती वेळात येतं ते बघा. तिसरं म्हणजे एसीचा आकार. छोट्या खोलीला मोठा एसी लावला तर तो पाच-सात मिनिटांत खोली गार करून थांबतो, हवा कोरडी करायला त्याला वेळच मिळत नाही. परिणामी खोली थंड आणि चिकट राहते. तापमान दोन-तीन अंश वर ठेवून पाहा, अनेकदा तेवढ्याने भिंती सुकतात.

८. एक बोर्ड उघडणं

इथवर काही सापडलं नसेल किंवा वाफ आहे हे नक्की होऊनही ओल जात नसेल, तर आत काय भरलंय ते पाहावंच लागतं. डागाच्या जागी नव्हे, त्याच्या वरच्या बाजूचा बोर्ड काढा. मेन बंद, मास्क लावलेला, हातमोजे घातलेले. भिंतीत वायर कुठून गेलीय याचा अंदाज नसेल तर कटर चालवू नका, स्क्रू शोधून बोर्ड सोडवा.

उघडल्यावर पहिलं बघायचं ते ग्लासवूल पत्र्याला चिकटलेलं आहे का. हीच चूक सर्वांत जास्त सापडते. ग्लासवूल उष्णता अडवतं, हवा नाही. खोलीतली उबदार हवा बोर्डाच्या सांध्यांतून, दिव्यांच्या भोकांतून आत जाते आणि पत्र्यापाशी पोचून पाणी होते. ग्लासवूल भिजलं की उष्णताही अडवत नाही, खाली बसतं आणि वरच्या बाजूला उघडी पोकळी सोडतं. इन्सुलेशनवर, भोकांच्या भोवती धुळीचे काळे डाग दिसले तर तिथून हवा वाहत होती असं खुशाल समजा.

दुसरं, बाष्परोधक प्लास्टिक कुठल्या बाजूला आहे? जिथे थंडीत खोली तापवायची आहे तिथे ते आतल्या, उबदार बाजूला हवं. जिथे दमट उकाड्यात एसी चालतो तिथे बाहेरच्या बाजूला. दोन्ही बाजूंना असेल तर मधे शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि लाकडी चौकट आतून कुजते. आतून लावलेला वॉटरप्रूफ रंग हेच करतो, म्हणून तो ओल दिसल्या दिसल्या मारायचा नसतो. हवामान दोन्ही टोकांचं असेल तर प्लास्टिक सोडून द्या आणि बंद पेशींचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम) वापरा.

लाकडात पिनांचा ओलमापक टोचा. १६% च्या खाली असेल तर ठीक, २०% च्या वर कुजण्याचा धोका. फॉइल, खिळे किंवा लोणा यांच्याजवळ मापक उगाच जास्त दाखवतो, दोन-तीन जागी बघून ठरवा.

पुन्हा भरताना थरांचा हा क्रम चालतो: पत्रा, मग २५ ते ५० मिलिमीटर मोकळी हवा, तिला खाली वळचणीशी आणि वर कण्याशी जाळी लावलेले झरोके, मग ५० मिलिमीटर एक्सपीएस, पर्लिनच्या आतल्या अंगाने सलग, म्हणजे लोखंड थंड बाजूला राहतं आणि पट्टे उमटत नाहीत, सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप, कडांच्या फटींत पीयू फोम, त्यावर २५ मिलिमीटरच्या पट्ट्या, आणि शेवटी १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्ड. पट्ट्यांमधल्या जागेत वायरिंगचे कंड्युट बसतात, त्यामुळे इन्सुलेशनला भोकं पाडावी लागत नाहीत. थर्माकोलला पीव्हीसी वायर थेट टेकवू नका. वायरीतला प्लास्टिसायझर थर्माकोलमध्ये उतरतो आणि वायरीचं वेष्टन कडक होऊन तडकतं. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही जळतात, जिप्समचं आवरण न देता ते उघडे ठेवू नयेत.

फक्त फोम फवारणी हा पर्याय असेल तर बंद पेशींचा फोम थेट पत्र्यावर बसतो आणि मधे हवेची जागा लागत नाही. पण ते काम घरी करण्याचं नाही, आणि पुढे पत्रा बदलायचा झाला तर फोमसकट काढावा लागतो.

बुरशी साफ करताना

सगळा बुरशीचा भाग मिळून १ चौरस मीटरच्या आत असेल तर साबणाच्या पाण्याने घासून, पुसून, पंखा लावून दिवस-दोन दिवसांत पूर्ण कोरडा करा. एन९५ मास्क लावा, कोरड्या बुरशीला ब्रश मारू नका. मऊ पडलेला जिप्सम बोर्ड वाचत नाही. डागाच्या पुढे ३० सेंटीमीटरपर्यंत कापून टाका. ब्लीच सच्छिद्र बोर्डात खोल जात नाही, आणि ॲसिड किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये मिसळला तर विषारी वायू सुटतो.

हात कुठे थांबवायचा

छपराचा किंवा भिंतीचा पत्रा जुना सिमेंटचा असेल तर त्याला भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुना तपासून घेणं आणि काढणं हे प्रशिक्षित माणसांचं काम.

स्विचबोर्डमध्ये ओल, ट्रिप होणारा किंवा मुळातच नसलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, वितळल्याचा वास, यांतलं काहीही दिसलं तर वीजतंत्रज्ञ. तुळई किंवा खांबात स्क्रूड्रायव्हर सहज सेंटीमीटरभर घुसतो, छत वाकलंय, दार अचानक घासायला लागलंय, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. तोवर वर चढायचं नाही. बुरशी १ चौरस मीटरहून जास्त असेल किंवा घरात कुणाला दमा असेल तर सफाईवाल्या व्यावसायिकांना द्या. इंधनावर चालणाऱ्या हीटरजवळ डोकं दुखणं, गरगरणं जाणवलं तर तपासण्या बाजूला ठेवा. सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आणि चौथी ते आठवी तपासणी दोनदा करूनही पेन्सिलच्या रेषेबाहेर डाग सरकत असेल, तर थर्मल कॅमेरा असलेल्या माणसाला पहाटे बोलवा, दुपारी नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर थंड जागा दिसत नाहीत.

बंद करण्याआधी

दुरुस्तीनंतर सगळे बोर्ड लगेच बसवू नका. तळाचा एक आणि छताचा एक मोकळा ठेवा. एक जोरदार पाऊस आणि एक निरभ्र थंड रात्र जाऊ द्या, मगच ते लावा. जिप्सम बोर्डाची खालची कड फरशीपासून १० ते १२ मिलिमीटर वर ठेवा आणि फट स्कर्टिंगने झाका. बोर्ड फरशीला टेकला तर पुसताना सांडलेलं पाणीसुद्धा तो वर ओढतो आणि तळाचा डाग पुन्हा दिसू लागतो.